शेवटच्या गाडीतला पिलेला माणूस आणि आपण चाळीस जण

या पानावर माझ्याकडून तुम्ही बीजप्रक्रिया, तुरीवरची मर, खताची मात्रा असंच वाचत आला आहात. आज विषय एसटी गाडीचा आहे. पण तो शेतीच्या कामातूनच पुढे आला, म्हणून लिहितो.

तालुक्याच्या ठिकाणी महिला गटांचं प्रशिक्षण ठेवलं की जानेफळकडच्या बाया चार वाजताच चुळबुळ करू लागतात. सोयाबीनची उगवण क्षमता कशी तपासायची, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे कसे मांडायचे, हे करून दाखवायची वेळ आणि इकडे पिशव्या उचलल्या जातात. मला वाटायचं, सांजचा स्वयंपाक असेल, गोठ्यातलं काम असेल. एकदा एका बाईंनी तोंडावरच सांगितलं, "साहेब, सांजच्या गाडीत पिऊन बसतात. अंगावर कलंडतात. आमी आपली उजेडाची गाडी धरतो."

मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. तिकीट परवडू लागलं, पण शेवटच्या गाडीत बसायची छाती होत नाही, तर त्या सवलतीचा उपयोग दिवस मावळेपर्यंतच.

यात माझाही दोष आहे. मागच्या हंगामात एका संध्याकाळच्या गाडीत मी होतो. एक जण झोकांड्या देत चढला आणि कॉलेजच्या एका मुलीच्या सीटला टेकून उभा राहिला. वाहक म्हणाले, "भाऊ, मागं सरका." त्यानं आईवरून शिवी दिली. गाडीत आम्ही चाळीसेक माणसं होतो. सगळे खिडकीबाहेर पाहू लागले, मीसुद्धा. ती मुलगी तिच्या गावाच्या अलीकडच्याच फाट्यावर उतरली आणि बापाला फोन लावत अंधारात उभी राहिली. नंतर वाहकांना विचारलं, उतरवलं का नाही? ते म्हणाले, "साहेब, उतरवतो हो. पन उद्या त्यानं उलटी तक्रार केली तर साक्षीले कोन येते? तुमी येता का?" मला उत्तर देता आलं नाही.

आता कायदा पाहू. गाडीत दारू चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण करायचं काय हे फार थोड्यांना. गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशाला गाडी थांबवून उतरवण्याचा अधिकार वाहकाला आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याचं कलम 85 सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला लागतं. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. जुन्या दंडसंहितेत पिऊन उपद्रव केला तर दंड होता फक्त दहा रुपयांपर्यंत, म्हणजे 1860 सालचा भाव! नव्या कलम 355 मध्ये तो हजार रुपयांपर्यंत गेला, चोवीस तासांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा समाजसेवेची शिक्षा. बाईच्या अंगाला हात लावला तर मात्र प्रकरण कलम 74 चं, म्हणजे एक ते पाच वर्षं. तिथे "पिलेला होता, जाऊ द्या" चालत नाही. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला नशेची सबब कायदा देत नाही. वाहक-चालक कायद्यानं लोकसेवक आहेत, त्यांच्यावर हात उचलणं हा वेगळा गुन्हा.

चालकाची गोष्ट याहून गंभीर. 1 जुलै 2023 ची पहाट आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे वर्तमानपत्रांत आला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा नियम काळी-पिवळीला आहे, तसाच बाजारातून ट्रॉली घेऊन परतणाऱ्या तुमच्या ट्रॅक्टरलाही आहे, बरं का.

इथे वेळेला फार किंमत आहे. चालकाला या कलमाखाली अटक झाली की दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाही तर त्याला सोडावं लागतं. आणि अंगातली दारू तासातासानं उतरत जाते. खत टाकल्यावर मातीचा नमुना घेतला तर अहवाल काय कामाचा? तसंच हे. म्हणून चालकाच्या तोंडाला वास आला तर घरी जाऊन चर्चा करू नका. गाडी स्थानकातच असेल तर वाहतूक नियंत्रकाला सांगा, आणि तिला निघू देऊ नका. वाटेत कळलं तर 112 लावा, गाडीचा नंबर आणि कुठल्या फाट्याजवळ आहात ते सांगा. जानेफळला पोलीस ठाणं गावातच आहे.

प्रवाशाच्या बाबतीत वाहकाला एकच गोष्ट हवी असते, दोन माणसांची नावं. "मी पाहिलं, माझं नाव लिहा" एवढं दोघांनी म्हटलं की वाहकाचा आवाज बदलतो. गावात राहायचं आहे, वैर कशाला घ्या, हे मलाही कळतं. पिलेला माणूस पुष्कळदा नात्यातला निघतो. म्हणूनच हे एकट्यादुकट्यावर टाकू नये. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांनी ग्रामसभेत शेवटच्या गाडीचा विषय घ्यावा, आगाराला ठरावाची प्रत द्यावी. फाट्यावरच्या टपरीत चोरून दारू विकली जात असेल तर 2016 साली विधिमंडळानं मंजूर केलेल्या दुरुस्तीत ग्रामरक्षक दलाची सोय आहे, ती वापरावी. मारहाण मात्र नको. आणि पिलेल्या माणसाला रात्री आडरानात उतरवून देऊ नये, ठाण्याशी नाही तर वस्तीशी उतरवावं. त्याच्याही घरी कोणी वाट पाहतंच.

मे महिन्यात उगवण चाचणीचं प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं आहे. पत्रकात बाकी सगळं लिहून झालं आहे. संपण्याची वेळ साडेतीन टाकायची की साडेपाच, ती जागा अजून कोरी ठेवली आहे.