कापूस का शिंकतो? एका कारणाचा शोध

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाविषयी ह्यूम काय म्हणतो ते पाहिलं. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की, सर, हे सगळं फार हवेत राहिलं, एखादं घरातलं उदाहरण द्या. आज घरातलंच उदाहरण आणलं आहे. ते चार पायांचं आहे आणि त्याचं नाव कापूस.

निवृत्तीनंतर मी नेकनूरला, आमच्या गावी राहतो. मांजरसुंब्यावरून केजकडे निघालं की लागतं ते नेकनूर. माझी नात सातवीत आहे. तिने एक पांढरा ससा पाळला आहे. (पाळीव ससा आणि आपल्या रानातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत बरं का. रानातल्याला कायद्याचं संरक्षण आहे, तो धरून आणायचा नसतो.) गेल्या मार्चमध्ये हा कापूस शिंकायला लागला. सशाची शिंक बारीक असते, आधी लक्षातही येत नाही. पण एकामागून एक पाच-सहा यायला लागल्या तेव्हा नात घाबरली.

आता गंमत बघा. शिंक एकच आणि कारणं घरात माणसं तितकी. शेजारच्या काकू म्हणाल्या, सर्दी झाली. पुतण्या म्हणाला, कुट्टीची धूळ. त्याची जनावरं पडवीच्या पलीकडे असतात, कडब्याची कुट्टी तिथंच होते, आणि पिंजराही पडवीतच. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, पिंजऱ्याला वास मारतो. मी म्हणालो, उदबत्ती. एका म्हातारबाबांनी तर अपशकुनच ठरवला. त्यांना मी विचारलं, कुणाला अपशकुन? ससा तर कुठं बाहेर निघाला नव्हता.

मग एका रविवारी आम्ही सगळं एकदम केलं. पिंजरा आतल्या खोलीत आणला, खालचं गवत बदललं, उदबत्ती बंद केली. दोन दिवसांत शिंका कमी झाल्या आणि आम्ही सगळेच जिंकलो! पुतण्या म्हणे धूळ, सौ. म्हणे वास, मी म्हणे उदबत्ती. म्हणजे ससा थोडा बरा झाला आणि ज्ञान मात्र होतं तिथंच राहिलं. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला याची लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कारण शोधायच्या पद्धती सांगितल्या आहेत. त्यातली भेदाची पद्धत अशी, की दोन प्रसंग बाकी सगळ्या बाबतीत सारखे हवेत आणि फरक एकाच गोष्टीचा हवा, तरच त्या गोष्टीकडे बोट दाखवता येतं. आपल्याकडे नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तेही याच्या जवळचंच. ते असलं की हे असतं, ते नसलं की हे नसतं. आम्ही तीन फरक एकदम केले होते.

म्हणून वही घातली. नात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास शिंका मोजायची, मी एकेक गोष्ट परत पूर्वीसारखी करायचो. उदबत्ती परत लावली तर काहीच फरक नाही. माझं म्हणणं पहिल्याच फेरीत बाद. वासाचं म्हणणं मात्र थोडं खरं निघालं. सशाच्या लघवीतून अमोनिया निघतो आणि तो सशाच्या नाकाच्या उंचीवर साठतो. आपण उभे असतो, आपल्याला कळत नाही. पिंजऱ्याशी गुडघे टेकून एकदा स्वतः श्वास घेऊन बघा. आणि कुट्टीच्या दिवशी पिंजरा पडवीत ठेवला की शिंका वाढायच्या, हे तर स्पष्टच दिसलं.

पुतण्या खूश. पण वहीत एक अडचण होती. धूळ नाही, वास नाही, तरी शिंका शून्यावर येत नव्हत्या. आणि काकूंकडचे याच विणीचे दोन ससे त्याच धुळीत मजेत होते.

इथं मला न्यायातलं जुनं उदाहरण आठवलं. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात. धूळ तिन्ही सशांना होती, शिंकत होता एकटा कापूस. मग कापसातलं ओलं सरपण कोणतं?

हे कळायच्या आधी एक संध्याकाळ फार वाईट गेली. कापसाच्या नाकातून घट्ट पांढरा शेंबूड आला. काकूंनी नातवाचं उरलेलं अँटिबायोटिकचं पातळ औषध आणून दिलं. औषधाच्या दुकानातही कुणीतरी म्हणालं, लहान बाळाला चालतं, सशाला काय होतंय. नातीने ड्रॉपर भरलासुद्धा होता. मी सहज म्हणून ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. ते अक्षरशः ओरडले, थांबा, देऊ नका! ते अमॉक्सिसिलिन होतं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं सशाला तोंडाने दिली, तर त्याच्या आतड्यातले पचनाचे जंतू मरतात, भलतेच वाढतात आणि त्या विषाने ससा दगावू शकतो. बाळाला तारणारं औषध सशाला मारतं. नातीच्या हातून ते घडलं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

तुमच्याकडे ससा असेल तर एवढं इथंच लिहून घ्या. ससा नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, किंवा अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही, तर वही-बिही बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठायचे.

डॉक्टर म्हणाले, पाश्चुरेला नावाचा जंतू असू शकतो, सशांच्या सर्दीत तो नेहमी सापडतो. हे नाव लुई पाश्चरवरून आलं. याच जंतूने कोंबड्यांना कॉलरा होतो आणि त्यावर पाश्चरने प्रसिद्ध काम केलं. पुढे ऑस्ट्रेलियात सशांनी शेतं फस्त केली, तेव्हा हाच जंतू सोडून ससे मारायची योजना त्याने मांडली आणि १८८८ मध्ये आपला भाचा तिकडे पाठवला. सरकारने ती मान्य केली नाही, तो भाग वेगळा. आपल्या कामाचं हे, की कितीतरी ठणठणीत सशांच्या नाकातही हा जंतू असतो. तेव्हा तो नाकात सापडला म्हणजे शिंकेचं कारण सापडलं, असं होत नाही. चोराच्या गल्लीत राहणारा प्रत्येक जण चोर नसतो.

कोडं सोडवलं ते नातीने. वहीच्या कडेला तिने लिहून ठेवलं होतं, "उजवा डोळा ओला. उजवंच नाक ओलं." मी ते चार दिवस वाचत होतो आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. एकदम प्रकाश पडला. धूळ उजवी-डावी नाकपुडी बघून जात नाही. वासही जात नाही. एकाच बाजूला त्रास असेल तर कारणही त्या बाजूलाच हवं. नाकात अडकलेली काडी, किंवा मग दात. "आबा, तो कडब्याचे दांडे सोडून देतो, मऊ तेवढंच खातो," असंही ती म्हणाली.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन एक्स-रे काढला. सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. गवत तासन्‌तास चघळून ते झिजवायचे, अशी निसर्गाची योजना. चघळणं कमी पडलं की दात वाढतात, मुळंही वर दाबली जातात, आणि वरच्या दातांच्या मुळांशेजारूनच डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी जाते. कापसाची उजवी नळी दबली होती. तिथं पाणी साचून संसर्ग झाला होता आणि त्या हुळहुळलेल्या नाकाला धूळ लागली की शिंका.

म्हणजे ओलं सरपण दात होते. पण दात का वाढले? डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? नात म्हणाली, घास, गवत, गाजर. मी गप्प होतो. रोज सकाळी चहाच्या वेळी कापूस माझ्या खुर्चीपाशी यायचा आणि मी त्याला दुधात भिजवलेली भाकरी द्यायचो, कधी बिस्किट. त्याने पोट भरलं की तो गवताला तोंड लावायचा नाही. काकूंच्या सशांना हे लाड नव्हते. घरातल्या प्रत्येकाचं कारण मी तपासलं होतं, वहीत उभे-आडवे रकाने पाडले होते. चहाच्या वेळेचा रकाना तेवढा पाडला नव्हता.

डॉक्टरांनी नळी धुतली, दात घासले, सशाला चालणारं औषध दिलं. भाकरी बंद, गवत मनसोक्त. आयुर्वेदात रोग ओळखायच्या पाच साधनांत उपशय नावाचं एक आहे. कशाने आराम पडतो, त्यावरून रोग ओळखायचा. त्या अर्थाने आमचं निदान पक्कं झालं, कारण तीन आठवड्यांत डोळा कोरडा झाला. पण वाढलेली मुळं काही मागे जात नाहीत. दोन-तीन महिन्यांनी दात घासून आणावे लागतात आणि कुट्टीच्या दिवशी तो अजूनही दोन-चार शिंका देतो.

परतीच्या एसटीत मी नातीला सांगितलं की, बाई, हे माझ्या हातून झालं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, पण तो सकाळी तुमच्याकडेच येणार ना. तेव्हा त्याला काय देणार?"

हरळीची एक जुडी आता रात्रीच धुऊन चहाच्या टेबलावर ठेवलेली असते.