तुटलं नाही, संपलंय

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. म्हणजे डीएनएची ९२ टोकं. एरवी पेशीत डीएनएचं मोकळं टोक दिसलं, की त्याचा अर्थ एकच: धागा तुटला. विभाजन तिथल्या तिथे थांबतं, दुरुस्तीची प्रथिनं धावून येतात आणि सापडतील ती दोन टोकं सांधून टाकतात. ही दुरुस्ती नसती तर आपला निभाव लागला नसता. पण याच प्रथिनांनी ती ९२ टोकंही सांधायला घेतली तर? दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटतील, पेशी विभागताना दोन्हीकडून ओढली जाऊन भलत्याच जागी तुटतील आणि पुन्हा चिकटतील. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या पेशींत तुटलेल्या गुणसूत्रांचं नेमकं हेच होताना १९३०च्या दशकात पाहिलं. गुणसूत्राची मूळची टोकं मात्र अशी वागत नाहीत, हे त्याच काळात हर्मन म्युलर यांना फळमाश्यांत दिसलं. १९३८ मध्ये त्यांनी या टोकांना टेलोमिअर असं नाव दिलं.

टेलोमिअरचा विषय निघाला, की बोलणं लांबीवर येतं. दर विभाजनागणिक ती आखूड होतात, आखूड झाली की पेशी थकते. हे खरंच आहे. तरी मला त्याआधीचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो: हा फुटलेला बांध नसून गावाची शीव आहे, हे पेशीला कळतं कसं?

माणसाच्या टेलोमिअरमध्ये टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं हजारो वेळा एकामागून एक येतात. डीएनए दुपदरी असतो, पण अगदी शेवटी त्यातला एक पदर दुसऱ्याच्या पुढे जातो आणि काही डझन ते काही शे अक्षरांची एकेरी शेपटी उरते. धोका तिथेच आहे. एकेरी डीएनए दिसताच त्याला बिलगणारं आरपीए नावाचं प्रथिन पेशीत मुबलक असतं आणि ते बिलगलं की धोक्याचा इशारा जातो.

ती जागा आधीच अडवून बसणारं प्रथिन म्हणजे पॉट-१. पीटर बाउमन आणि थॉमस चेक यांनी कोलोरॅडो विद्यापीठात त्याचा शोध लावून २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका जातीच्या यीस्टमधून त्यांनी हे जनुक काढून टाकलं, तर टेलोमिअर झपाट्याने नाहीशी झाली. तगलेल्या पेशींनी गुणसूत्राची दोन टोकं एकमेकांना जोडून चक्क वर्तुळं केली होती! माणसातलं पॉट-१ डीएनएला कसं धरतं, त्याची स्फटिकरचना २००४ मध्ये मिळाली. शेपटीतली दहा अक्षरं ते आपल्या खाचेत बसवून घेतं.

पण आरपीएच्या मानाने पॉट-१ संख्येने फार थोडं. मग जागा त्याला मिळते कशी? ते एकटं फिरत नाही. टीपीपी-१ हे प्रथिन त्याला हाताशी धरून असतं आणि बाकीच्या साथीदारांकरवी टेलोमिअरच्या दुपदरी भागाशी बांधून ठेवतं. त्यामुळे जिथे गरज तिथे ते कायम हजर. सहा प्रथिनांच्या या जथ्याला टिटिया डी लँग यांनी २००५ मध्ये शेल्टरिन म्हटलं. त्यातल्या टीआरएफ-२ चं काम बंद पाडलं तर मानवी गुणसूत्रं टोकाला टोक जोडून घेतात, हे त्यांच्याच प्रयोगशाळेने १९९८ मध्ये दाखवलं होतं.

पॉट-१ चा काटेकोरपणा तर थक्क करणारा आहे. मागे राहिलेला आखूड पदर बहुतेक वेळा ठरावीक अक्षरांवरच संपतो. पेशीतलं पॉट-१ कमी केलं, की तो कुठेही संपू लागतो.

आता पुन्हा लांबीकडे. शेपटी पॉट-१ च्या ताब्यात असेपर्यंत टेलोमिअर वाढवणाऱ्या टेलोमरेजलाही चाप बसतो. पॉट-१ च्या जनुकात बिघाड झाला, की हा चाप सुटून टेलोमिअर लांबत जातात. लांब टेलोमिअर म्हणजे चिरतारुण्य, असं मानणाऱ्यांनी हा बिघाड असलेल्या कुटुंबांकडे पाहावं. या बिघाडाचा संबंध २०१३ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगाशी आणि २०१४ मध्ये काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या होणाऱ्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाशी जोडला गेला. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असा बिघाड असलेल्या १७ जणांचा अभ्यास मांडला. त्यांच्यातल्या एकाचे केस सत्तरीतही पांढरे झालेले नव्हते. मात्र या मंडळींत साध्या गाठींपासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत कितीतरी विकार होते. कारण सरळ आहे. एखाद्या पेशीत घातक बदल झाला, तर एरवी टेलोमिअर आखूड होऊन तिचा वंश खुंटतो. इथे तो खुंटत नाही, वर्षानुवर्षं वाढत राहतो आणि त्यात आणखी बदलांची भर पडत जाते. म्हणूनच ज्या घराण्यांत हा बिघाड सापडतो, तिथल्या माणसांना त्वचेवरचे तीळ आणि डाग डॉक्टरांकडून नियमितपणे तपासून घ्यायला सांगितलं जातं.