पुढचं शून्य गेलं कुठे?

सीएसव्ही म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक नोंद, मध्ये स्वल्पविराम (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा कॉमा!). अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा बहुतेक असाच जातो. घोळ होतो तो वाटेत, एक्सेलमध्ये.

मेस डिपॉझिट परत करायची यादी घ्या. फाइलवर डबल-क्लिक केलं की नेहमीच्या सेटिंगवर एक्सेल खाते क्रमांकाला संख्या समजतं. पुढचं शून्य गायब! आणि एक्सेल जपतं फक्त १५ अंक. १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. वर सेव्ह केलंत की मूळ नंबरही गेला, आणि कुणाचे तरी पैसे अडकले. म्हणून मी फाइल तशी उघडतच नाही. 'डेटा' मेनूतून आत घेते आणि त्या कॉलमला 'टेक्स्ट' सांगते.

१,२५,००० असं कॉमा देऊन लिहिलं तर एका रकमेचे तीन कॉलम होतात. डबल कोट्समध्ये घाला. २००५ च्या आरएफसी ४१८० मध्येही तेच सांगितलंय.

तारीख मात्र खरी डेंजर. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं आणि चूक दिसतही नाही. २०२५-०६-०५ असं लिहिलेलं बरं.

शेवटी बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका, खाते क्रमांक बेरजेत येत नाहीत. पाच-सहा नंबर पासबुकशी ताडून बघाच.