नक्कवागूची कैफियत

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी लातूर व बीदर ओलांडून तेलंगणात शिरते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. वाटेत तिला हैदराबादच्या वायव्येकडील पटनचेरूहून येणारा नक्कवागू नावाचा ओढा मिळतो. या ओढ्याची कैफियत म्हणूनच मराठी माणसाला परकी वाटू नये.

पटनचेरू व बोल्लारम येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, औषधांचे व रसायनांचे कारखाने आले. हजारो हातांना काम मिळाले, हे खरेच. परंतु कारखान्यांचे सांडपाणी ओढ्यांत, तळ्यांत आणि जमिनीत मुरू लागले. विहिरींचे पाणी बिघडले, शेती नासली. पटनचेरूचे डॉ. अल्लानी किशन राव यांनी या दुःखाला वाचा फोडली, तर उस्मानिया विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक के. पुरुषोत्तम रेड्डी यांनी प्रदूषणाचा प्रश्न राज्याच्या चव्हाट्यावर आणला. १९९० मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि गावकीची तक्रार देशाच्या न्यायासनापुढे उभी राहिली.

या काळात अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र करून शुद्ध करणारे सामुदायिक केंद्र पटनचेरूला उभारण्यात आले. उपाय वरकरणी उत्तम होता; पण त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. अशा केंद्रात घाण खाऊन टाकण्याचे काम सूक्ष्म जंतू करतात. ते जगावेत म्हणून त्या सांडपाण्यात घरगुती मैलापाणीही मिसळले जाई. परंतु जंतूंचा नाश करण्यासाठीच जी औषधे बनतात, त्यांचाच अंश त्या पाण्यात उतरत होता. जे जंतू त्यातून तगले, ते त्या औषधांना दाद न देणारे ठरण्याचा धोका होता.

२००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी हा धोका आकड्यांत मांडला. सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या या केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. रुग्णाच्या रक्तात औषध लागू पडताना असते, त्याहूनही हे प्रमाण अधिक होते. एका दिवसात वाहून जाणारे औषध सुमारे ४५ किलो, म्हणजे सबंध स्वीडनला पाच दिवस पुरेल इतके, असा त्यांचा हिशेब होता.

पुढे १८ किलोमीटरची वाहिनी टाकून हे पाणी हैदराबादच्या मलनिःसारण व्यवस्थेस, आणि तेथून मुसी नदीच्या वाटेस, जोडण्यात आले. मांजरेचा भार काहीसा हलका झाला, तो मुसीच्या माथी आला. घाणीची जागा बदलणे म्हणजे घाण नाहीशी करणे नव्हे.

केंद्र सरकारने २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत मात्र त्या मर्यादा आल्या नाहीत. ज्याचे मापच कायद्याने ठरविलेले नाही, त्याबद्दल कोणाला जाब विचारावा? लोकचळवळीचे महत्त्व येथेच दिसते. गढूळ पाणी शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसते. त्यात विरघळलेले औषध दिसत नाही. ते मोजावयास लावणे आणि त्या मापाला कायद्याचे बळ मिळवून देणे, हे काम पटनचेरूच्या लोकांनी आरंभिले. ते पुरे होणे अद्याप बाकी आहे.