राहुटी, तलाव आणि घरचा कुत्रा

शहरांतील अनेक घरांत कुत्रा आतां दाराशीं बांधलेला राखणदार राहिलेला नाहीं. तो बैठकींत वावरतो आणि मुलांच्या शेजारीं झोंपतो. सुटींत सारें घर एखाद्या तलावाकांठीं राहुटी ठोकून राहावयास निघालें, कीं त्यानेंहि बरोबर यावें असें मुलांना वाटतें, आणि त्याला चार दिवस शेजाऱ्यांच्या स्वाधीन करण्यापेक्षां तें बरेंहि असतें. मात्र तलावाचा कांठ ही मोकळी जागा नव्हे, तेथें अगोदरच पुष्कळांची वस्ती असते, ही गोष्ट निघण्यापूर्वींच ध्यानांत घ्यावयास हवी.

कुत्र्यासह उघड्यावर मुक्काम करण्याची विद्या विलायती पुस्तकांत शोधण्याची गरज नाहीं. पावसाळा सरला कीं धनगर मेंढरें घेऊन गांव सोडतो. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बरोबर बायकामुलें आणि दोनचार कुत्रीं, असा त्याचा वाडा शेताशेतांतून पुढें सरकत असतो. ज्याच्या शेतांत मेंढरें बसतात तो शेतकरी लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य किंवा पैसा देतो. अंधार पडण्यापूर्वीं मेंढरें वाघरींत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणांत, कोंडलीं जातात. धनगराचा कुत्रा मोकळा असतो हें खरें. पण पिलूं असल्यापासून तो मेंढरांत वाढलेला असतो, ससा दिसला म्हणून कळप टाकून रानांत पळत नाहीं. तिकडे हिमालयांत गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यांत लोखंडी कांट्यांचा पट्टा बांधतात, तो बिबळ्यानें नरडें धरूं नये म्हणून. शहरी कुत्र्याजवळ ती शिकवणहि नसते आणि तो पट्टाहि नसतो. त्याचें सारें संरक्षण मालकाच्या हातांतील दोरींत असतें.

बुलढाण्याजवळील देऊळघाटाचा परिसर या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. देऊळघाटापलीकडे अजिंठ्याच्या डोंगरांत पैनगंगा उगम पावते. पुढें येळगांवाजवळ तिच्यावर धरण आहे आणि त्याचें पाणी बुलढाणें शहर पितें. प्रदेश सुमारें दोन हजार फूट उंचीचा, त्यामुळें हिंवाळ्यांतील रात्री चांगल्या थंड असतात. शहराला रेल्वे नाहीं. मलकापूर स्टेशनावर उतरून राजूरचा घाट चढावा लागतो. आगगाडींत कुत्रा आपल्याजवळ ठेवावयाचा तर पहिल्या वर्गाची संपूर्ण खोली राखावी लागते, नाहीं तर त्याला गार्डाच्या डब्यांतून जावें लागतें. घाटाच्या वळणांनीं कुत्र्यालाहि मळमळतें. निघण्यापूर्वीं तीनचार तास त्याला खाऊं घालूं नये.

या भागांत रात्र पडली म्हणजे केवळ थंडीचाच विचार करून भागत नाहीं. बुलढाण्याहून बोथ्यावरून खामगांवकडे जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यांतून जातो. १९९७ सालीं घोषित झालेल्या, सुमारें २०५ चौरस किलोमीटरांच्या या रानांत बिबळे आणि अस्वलें आहेत. २०१९ च्या डिसेंबरांत तर यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरहून निघालेला, गळ्यांत रेडिओचा पट्टा असलेला एक तरुण वाघ सुमारें १,३०० किलोमीटर चालून येथें पोंचला होता. अभयारण्यांत परवान्यावांचून प्रवेश नाहीं आणि पाळीव कुत्रा आंत नेण्यास मनाई असते. लोणारचें सरोवरहि अभयारण्य असल्यामुळें तेथेंहि हेंच. पण रानाची हद्द म्हणजे भिंत नव्हे. तो वाघ आला तो बव्हंशीं शेतांतूनच आला.

बिबळ्याला कुत्रा किती प्रिय आहे याचा हिशेबहि झालेला आहे. जुन्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं बिबळ्यांची विष्ठा तपासून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत, वजनाच्या मानानें, त्या आहारांतील ३९ टक्के वांटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा केवळ ११ टक्के. शेळ्या संख्येनें पुष्कळ अधिक असतांना असें कां व्हावें? कारण शेळ्या रात्रीं बंद गोठ्यांत असतात, कुत्रीं मोकळीं फिरतात. धनगराची वाघर कशासाठीं असते तें यावरून कळावें. राहुटीबाहेर खुंटाला बांधलेला कुत्रा तर मोकळ्या कुत्र्याहूनहि असहाय. त्याला पळतांहि येत नाहीं. शिवाय एकदां तेथें भक्ष्य मिळालें, कीं बिबळ्या त्या कांठीं पुन्हां येण्याचा संभव वाढतो, आणि त्याचा ताप पाहुणे निघून गेल्यावर गांवकऱ्यांना होतो. म्हणून सूर्यास्तानंतर कुत्रा माणसांबरोबर राहुटीच्या आंतच असावा. ज्याला हें गैरसोयीचें वाटतें त्यानें त्याला घरीं ठेवणेंच बरें.

अस्वलाची तऱ्हा निराळी. मोकळा कुत्रा त्याच्या अंगावर भुंकत जातो. अस्वल उलटलें कीं शेपूट घालून थेट मालकाकडे धांवत येतो, आणि त्याच्या मागोमाग अस्वल.

दिवसाहि दोरी सोडण्याजोगी स्थिति नसते. उन्हाळ्यांत धरणाचें पाणी ओसरतें. उघड्या पडलेल्या गाळांत शेतकरी गाळपेर करतात, आणि खडकाळ भागांत टिटवी जमिनीवरच अंडीं घालते. तिचें घरटें म्हणजे चार खडे सारून केलेला खळगा, आणि अंडीं मातीच्याच रंगाचीं. कुत्र्यानें तीं खाल्लींच पाहिजेत असें नाहीं. तो नुसता आसपास हुंगत फिरला तरी मादी उठून जाते आणि अंडीं भर उन्हांत तापतात. टिटवीचा आक्रोश ऐकूं आला कीं तेथून मुकाट्यानें दूर व्हावें. आणि जें पाणी शहर पितें त्याच्या कांठीं कुत्र्याची विष्ठा पडूं देणें म्हणजे शहराच्या माठांत ती टाकण्यासारखेंच आहे. ती उचलून बरोबर न्यावी.

कुत्र्यासाठींहि पाणी घरचेंच असावें. पाझर तलावांतील सांचलेल्या पाण्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस कधीं कधीं हिरव्या रंगासारखी साय येते. ती नीलहरित शैवालाची असल्यास तिच्यांतील विष कुत्र्याला कांहीं तासांत मारूं शकतें. साध्या डबक्यांतूनहि लेप्टोस्पायराचे जंतु पोटांत जातात. त्यावरील लस आणि पिसाळरोगाची लस या दोन्ही निघण्यापूर्वीं कांहीं आठवडे टोंचून घ्याव्यात. गांवचीं कुत्रीं आपल्या हद्दींत परका खपवून घेत नाहींत, म्हणून या लशी हव्यातच. पण रोगाची देवघेव दुतर्फी असते. २०१८ सालीं गीरच्या सिंहांत जी मोठी जीवितहानि झाली तींत डिस्टेंपर या रोगाचा हात होता, आणि तो रोग मूळचा कुत्र्यांत आढळणारा.

लहान गांवांतील नगरपालिकेच्या बागा मुक्कामाच्या कामाच्या नव्हेत, वाटेंत तासभर विसाव्याच्या आहेत. फाटकावर मनाईची पाटी बहुधा असतेच. पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी घालण्यापेक्षां त्यांच्यासाठीं वेळ ठरवून द्यावी, असा सल्ला भारतीय प्राणी कल्याण मंडळानें २०१५ च्या सूचनांत दिला होता. तो शहाणपणाचा आहे. पण पाटी असेपर्यंत पाटी पाळावी.

परततांना एक काम राहतें. कानांच्या आंत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखालीं गोचीड शोधावी. सांपडल्यास ती चिरडूं नये. चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. गोचीडतापाचीं लक्षणें बहुधा आठवडा दोन आठवड्यांनीं दिसूं लागतात. कुत्रा अन्नाला तोंड लावीनासा झाला आणि हिरड्या फिकट दिसूं लागल्या, तर पशुवैद्याकडे नेतांना सहल कोठें झाली होती हेंहि त्याला सांगावें.