निर्दोष प्रारंभाचा भ्रम

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केल्यापासून हिंगोलीच्या अभ्यासिकांत आणि पालकांच्या उपदेशांत एक दृष्टांत वारंवार कानी येतो : ‘तिथं केसाइतकी चूक चालत नाही, मोठं काम करायचं तर आधी तयारी शंभर टक्के पाहिजे.’ तो ऐकून कोणी परीक्षेचा अर्ज पुढच्या वर्षावर ढकलतो, कोणी प्रबंधाचे पहिलेच प्रकरण गिरवीत बसतो; आणि ज्या कार्याचा दाखला देऊन हे घडते त्याचा इतिहास नेमका उलट आहे, हे निक्षून सांगणे अगत्याचे झाले आहे.

अमेरिकेतील मूळ लायगोने २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे केली आणि त्याला गुरुत्वीय लहर एकही सापडली नाही. परंतु मोजणीत गोंगाट कोठून शिरतो व तो कसा आवरावा ही जी विद्या त्या वर्षांत हाती आली, तिच्या आधारावरच सुधारित यंत्र उभे राहिले. त्या यंत्राची संवेदनक्षमता नियोजित मर्यादेच्या जेमतेम एक-तृतीयांशावर आलेली असताना आणि औपचारिक निरीक्षणाचा आरंभ १८ सप्टेंबर २०१५ रोजी मुक्रर झालेला असताना, १४ तारखेसच, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती तेव्हा, दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा क्षणार्धाचा संकेत त्यात नोंदला गेला. सर्व चाचण्या आटोपेपर्यंत यंत्र बंद ठेवण्याचा हट्ट कोणी धरला असता, तर तो संकेत कायमचा हुकला असता.

मग अचूकता कोठे होती? ती निष्कर्षात होती : संकेत खरा की आभास, याची खातरजमा करण्यात जवळजवळ पाच महिने खर्चून ११ फेब्रुवारी २०१६ रोजीच तो जाहीर झाला. गोंगाटातून असा संकेत वेचण्याच्या पद्धतीत पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतील संजीव धुरंधर यांचे कार्य पायाभूत आहे, आणि ती पद्धती गोंगाट संपण्याची वाट पाहत नाही, तो गृहीत धरूनच चालते.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘हट्ट सोडला की दर्जा घसरतो.’ लायगोच्या निरीक्षणाची पुढील पर्वे २०१६, २०१९ व २०२३ मध्ये सुरू झाली, ती मधल्या अवधीत यंत्र सुधारूनच.

‘परिपूर्णतावादी चालढकल करीत नाही.’ मानसशास्त्रज्ञ फुशिया सिरोइस व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या विश्लेषणानुसार उच्च ध्येय बाळगणारे चालढकल कमी करतात. चुकीच्या धास्तीने ग्रासलेले मात्र अधिक करतात.

‘आजची मुले बेफिकीर आहेत.’ करन आणि हिल या संशोधकांना अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील विद्यार्थ्यांत १९८९ ते २०१६ या काळात परिपूर्णतेचा ताण वाढतच गेलेला आढळला.

शस्त्रक्रिया किंवा पूल यांची गोष्ट निराळी, कारण तेथे चूक परत घेता येत नाही. पण अभ्यास, लेखन, संशोधन ही दुरुस्तीला वाव देणारी कामे आहेत; त्यांत निर्दोषतेचा आग्रह आरंभाला धरू नये, ज्याखाली आपण सही करणार त्या अखेरच्या मजकुराला धरावा.