डोळा नसलेलं पान विकू नका: होयाची वेल, तिची निगा आणि थोडा हिशोब

घरातल्या फुलवेलींवरच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून होयाबद्दल इथे सविस्तर लिहिते. ज्यांना घरच्या गॅलरीतून रोपांचा छोटा धंदा सुरू करायचाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. यातली एक चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली आहे.

आधी माझी चूक

कराडला माझं गिफ्ट आणि घरसजावटीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या आठवड्यासाठी, मी एका होलसेलवाल्याकडून ४० छोट्या कुंड्या आणल्या. प्रत्येक कुंडीत बदामाच्या आकाराचं एकच जाड हिरवं पान. ४५ रुपयांना खरेदी, १२० ला विक्री. आठवड्यात ३६ गेल्या. मी खूश!

वर्षभराने एक काका ती कुंडी घेऊन दुकानात आले. म्हणाले, "ताई, बायकोच्या वाढदिवसाला नेली होती. ती रोज बघते, कधी वेल चढेल म्हणून. पान तेवढंच आहे बघा, ना वाढतंय ना मरतंय."

मी उरलेल्या चारपैकी एक कुंडी उपसून बघितली. मुळं छान होती, पण खोडाचा तुकडाच नव्हता. आपल्याकडे उसाची लागण सगळ्यांना माहीत आहे. कांडीला डोळा नसेल तर उगवते का? नाही. इथंही तेच. नुसत्या पानाला देठातून मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण डोळाच नसल्यामुळे नवीन फूट येत नाही. खोडाचा डोळा असलेला तुकडा पानासोबत असेल तरच वेल होते, आणि तीही हळूहळू.

होलसेलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सगळे असेच विकतात." असतीलही. पण माझ्या गिऱ्हाइकाला मी तोंड द्यायचं होतं, त्याने नाही. ज्यांचे नंबर होते त्यांना मी मेसेज केला: हे पान शोभेचं आहे, वेल होणार नाही, हवं तर पैसे परत घ्या. ११ जण आले. १,३२० रुपये गेले. त्या ११ पैकी बरेच जण आजही रोपं माझ्याकडूनच नेतात. काकांनी पैसे घेतले नाहीत. "वेल द्या," म्हणाले. म्हणून मग मी होया शिकायला बसले.

होया म्हणजे नेमकं काय?

होया हा एक मोठा गट आहे, त्यात शेकडो जाती येतात. बदामाच्या पानाची ती होया केरी. घरात फुलांसाठी सगळ्यात जास्त लावली जाते ती होया कार्नोसा. पानं जाड, चकचकीत. फुलं चांदणीच्या आकाराची, फिकट गुलाबी, मध्ये लालसर, आणि गुच्छात येणारी. हात लावला तर मेणाची वाटतात, म्हणून तिला वॅक्स प्लांटही म्हणतात. वास संध्याकाळनंतर जास्त येतो.

हे नाव रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये दिलं, थॉमस हॉय या इंग्लंडमधल्या माळ्याच्या नावावरून. कूळ मात्र आपल्या ओळखीचं, रुईचं. तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. तो कातडीला लागू देऊ नका, काम झालं की हात धुवा.

निगा: पाच गोष्टी

*उजेड.* फुलं न येण्याचं पहिलं कारण कमी उजेड. पूर्वेची खिडकी उत्तम, सकाळचं कोवळं ऊन चालतं. आपल्याकडचं एप्रिल-मेचं दुपारचं ऊन थेट पडलं तर पानं पिवळी पडतात, करपतात. खिडकीला पातळ पडदा लावा.

*पाणी.* होया तहानेने कमी आणि लाडाने जास्त मरते. मूळ जंगलात ती झाडांच्या फांद्यांवर चढून वाढते, तिथे मुळांशी पाणी साचतच नाही. ओळखायची सोपी खूण सांगते: जाड पान हलकेच दुमडून बघा. कडक लागलं तर पाणी नको. नरम होऊन वाकलं आणि माती कोरडी असेल तर पोटभर द्या, आणि बशीत साठलेलं ओतून टाका. पावसाळ्यात आणि थंडीत पाणी कमीच.

*माती.* नुसती काळी माती अजिबात नको. मी एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट आणि एक भाग कोळशाचे तुकडे व झाडाची साल असं घेते, वर मूठभर गांडूळखत. कुंडी लहानच ठेवा. मुळं थोडी दाटलेली तिला आवडतात. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते आणि मुळं कुजतात.

*कात्री.* ही चूक सगळेच करतात. होयाला आधी लांबलचक, पानं नसलेली दोरीसारखी फूट येते. ती वाळकी समजून कापू नका, पानं नंतर येतात. दुसरं, फुलं गळून गेल्यावर जो छोटा खुंट उरतो, तोही कापू नका. त्याच खुंटावर पुढच्या वेळी पुन्हा गुच्छ येतो. तो कापलात तर पुढच्या बहराचं भांडवलच मोडलंत.

*कीड.* पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापूस ओला करून पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा. नवीन आणलेलं रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून लांबच ठेवा.

आणि हो, कळ्या आल्या की कुंडी हलवू नका. जागा बदलली की कळ्या गळू शकतात.

कटिंगपासून रोप

फेब्रुवारी ते पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला जमतो. निरोगी वेलीचा, किमान दोन डोळे असलेला तुकडा घ्या. खालची पानं काढा. चीक सुकेपर्यंत दोन-तीन तास सावलीत ठेवा. खालचा डोळा मिश्रणात जाईल असं लावा, ओल हलकी ठेवा, थेट ऊन नको. साधारण तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. हलक्या हाताने ओढल्यावर अडकलं की समजा झालं.

फुलांची घाई करू नका. कटिंगपासून फुलं यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

आता हिशोब

बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात नॉर्मल लॉस शिकले होते, त्याचा अर्थ मला गॅलरीत कळला. लावलेली सगळी कटिंग जगत नाहीत, आणि मेलेल्यांचा खर्च जगलेल्यांनीच भरून द्यायचा असतो.

माझे आकडे असे आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. १० कटिंग लावली. कुंडी, मिश्रण, लेबल मिळून प्रत्येकी २५, म्हणजे २५०. मूळ वेलीच्या किमतीतला वाटा १००. एकूण ३५०. जगली ७. म्हणजे एक रोप ३५ ला नाही, ५० ला पडलं. त्यात माझ्या मेहनतीचे प्रत्येकी २० धरले की ७०. मी ते १५० ला विकते. बरेच जण ३५ धरून ६० ला विकतात आणि मग म्हणतात धंद्यात काही उरत नाही!

शिवाय रोप विकण्याजोगं व्हायला मला चार महिने लागतात. पैसा तेवढा काळ अडकतो. म्हणून सुरुवातीला सगळं भांडवल होयात घालू नका. मनीप्लांटसारखं लवकर तयार होणारं रोप सोबत ठेवा.

लेबलवर काय लिहायचं?

एक ओळ उजेडाची, एक पाण्याची, आणि एक खरी ओळ: "फुलं यायला २-३ वर्षं लागू शकतात." बदामाचं एकच पान विकायचं तर खुशाल विका, पण "शोभेचं पान, वेल होणार नाही" असं लिहून, आणि किंमतही त्याच हिशोबाने लावा. मी आता ५९ ला विकते. कमी जातात, पण परत येत नाहीत.

काकांना दिलेली कार्नोसा आता त्यांच्या खिडकीच्या गजांवर चढली आहे. फूल अजून यायचंय. काकू वाट बघतायत, पण आता काय आणि किती वाट बघायची ते त्यांना ठाऊक आहे.

या आठवड्याचं काम: विक्रीची घाई नको. एकच होया आणा, आणताना खोड आणि डोळा आहे का ते स्वतः बघा. तीन कटिंग लावा आणि वहीत तारीख, खर्च, किती जगली ते लिहा. तीन महिन्यांनी त्या वहीवरून तुमचा दर काढा. माझा दर कॉपी करू नका.